७०-२०० एफ/४: साध्या लेन्सवरून आयएसवर जावे का?

शिळालेख, जालना

नमस्कार. गेली नऊ वर्षे मी कॅननची ७०-२०० एफ/४ एल ही आयएस (हाताची थरथर भरून काढणारी यंत्रणा) नसलेली लेन्स वापरतो आहे. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा आहे, म्हणजे सेन्सर लहान असल्याने त्यावर लेन्स १.६ पट लांब पल्ल्याची असल्यासारखी दिसते. लेन्सबद्दल माझी एकही तक्रार नाही. ती १९९९ सालची रचना असली तरी दिवसाच्या उजेडात तिने दिलेले बारकावे पाहून आजही समाधान वाटते, शिवाय ७०५ ग्रॅम वजनामुळे ती मोटारसायकलवरून दिवसभर पाठीवर वागवता येते.

माझे काम मुख्यतः दोन-तीन प्रकारचे आहे. शाळेच्या सुट्ट्यांत मी आपल्या भागातली जुनी मंदिरे आणि लेणी यांच्या शिल्पांची छायाचित्रे काढतो. भोकरदन तालुक्यातले अन्व्याचे मंदिर, निलंग्याचे नीलकंठेश्वर, वेरूळचे दहावे आणि सोळावे लेणे, आणि वर्षातून एकदा तरी अजिंठा. हिवाळ्यात दोन-चार वेळा नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, पक्षी पाहायला जातो. गावात हरिनाम सप्ताह असला की कीर्तनाचे फोटो काढायची जबाबदारी ओघानेच माझ्याकडे येते.

अडचण अशी आहे की अंधाऱ्या सभामंडपात खांबाच्या शीर्षावरची आकृती २०० मिमीवर टिपायची म्हटली, तर आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० आणि लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे, म्हणजे एफ/४, ठेवूनही शटर स्पीड १/२५ सेकंदाच्या आसपास येतो. हातात धरून काढलेला फोटो त्या वेगाला हलतोच. संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडसाठी वेगळी परवानगी लागते आणि फ्लॅश तर अजिंठ्याच्या चित्रांसमोर उडवायचाच नसतो. अशा वेळी याच लेन्सची २००६ साली आलेली आयएस आवृत्ती घ्यावी, २०१८ ची दुसरी आवृत्ती घ्यावी, की आहे त्यातच हात सुधारावा, हा प्रश्न गेले वर्षभर मनात आहे. शिक्षकाच्या पगारातून हा खर्च एकदाच होणार आहे, म्हणून अनुभवी मंडळींनी मोकळेपणाने सांगावे ही विनंती.

गोदाकाठ, नांदेड

सर, मी लग्नकार्ये आणि धार्मिक कार्यक्रमांचे फोटो काढण्याचा व्यवसाय करतो, त्यामुळे माझे मत त्या बाजूने आलेले आहे हे आधीच सांगतो. आयएस म्हणजे फोटो हलणे बंद, असा आपल्याकडे समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. आयएस तुमचा हात स्थिर करते, समोरच्या माणसाला स्थिर करत नाही. कीर्तनकार बुवा अभंगाच्या चरणावर हात वर नेतात, टाळकरी पावली खेळतात, तेव्हा १/६० ला काढलेल्या फोटोत मागचा खांब लख्ख येईल आणि बुवांचा हात मात्र धुरासारखा पसरलेला दिसेल. तिथे १/२५० च्या खाली जाऊन चालत नाही आणि त्या वेगासाठी उजेड हवा असतो.

म्हणून माझा सल्ला असा की एफ/४ आयएसऐवजी जुन्या बाजारात एफ/२.८ पाहावी, भले तिला आयएस नसो. एक पूर्ण स्टॉप मिळतो, म्हणजे प्रकाश दुप्पट. जिथे तुम्ही १/१२५ वर अडकता तिथे १/२५० मिळेल. वजन वाढेल हे मान्य आहे, कारण आयएस नसलेली एफ/२.८ देखील १३१० ग्रॅमची आहे, पण हलणारा माणूस थांबवायला शटरशिवाय दुसरा उपाय नाही.

पाणपक्षी, छत्रपती संभाजीनगर

मी केवळ पक्ष्यांपुरते लिहिते. जायकवाडीला अभयारण्याचा दर्जा १९८६ साली मिळाला, आणि धरणाच्या फुगवट्याच्या काठाने फिरणाऱ्या आम्हा लोकांना एकच गोष्ट वर्षानुवर्षे सतावते, ती म्हणजे अंतर. पाणी ओसरू लागले की काठ चिखलाचा होतो, त्यावरून पुढे जाता येत नाही, आणि रोहित पक्ष्यांचा थवा तर नेमका पलीकडच्या उथळ पाण्यात उतरतो. पट्टकादंब आणि चक्रवाक त्यातल्या त्यात जवळ येतात, तरी २०० मिमी तिथे तोकडीच पडते. क्रॉप सेन्सरवर ती ३२० मिमीसारखी दिसते हे खरे, परंतु तेवढ्यानेही चौकट भरत नाही.

त्यामुळे, सर, पक्ष्यांसाठी म्हणून ७०-२०० ची आयएस आवृत्ती घेऊ नये असे मी स्पष्ट सांगेन. उडत्या पक्ष्याला १/१६०० च्या आसपास वेग लागतो आणि त्या वेगाला हाताची थरथर फोटोत जवळजवळ उतरतच नाही. बसलेल्या पक्ष्यासाठी, तेही सूर्य वर येण्याआधीच्या अर्ध्या तासात, आयएसचा फार उपयोग होतो. मी १००-४०० ची २०१४ ची आवृत्ती वापरते. तिचे वजन साधारण १.६ किलो आहे आणि आयएस नसती तर पहाटे ती हातात धरून मी काही करू शकले नसते. तुमच्याकडे पर्याय म्हणून १.४ पटीचा एक्स्टेंडर आहे. तो लावला की २०० चे २८० होतात आणि एफ/४ चे एफ/५.६, म्हणजे ऑटोफोकस चालू राहतो. मात्र तेव्हा हात आणखी स्थिर लागतो, हे विसरू नये.

भिंग, लातूर

दोन्ही प्रतिसाद योग्यच आहेत. तरी निर्णयाआधी आत नेमके काय घडते हे समजून घेतले, तर हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

लेन्सच्या नळीत दोन जायरो सेन्सर असतात. एक कॅमेरा वर-खाली डुलतो तो वेग मोजतो, दुसरा डाव्या-उजव्या बाजूचा. त्या मापावरून लेन्समधला प्रोसेसर भिंगांचा एक छोटा गट विद्युतचुंबकाच्या साहाय्याने आडवा सरकवतो, आणि हाताच्या हालचालीमुळे सेन्सरवर घसरत चाललेली प्रतिमा पुन्हा जागेवर आणली जाते. हे दर सेकंदाला असंख्य वेळा चालू असते. यात समोरच्या वस्तूच्या हालचालीचा कुठेही हिशेब नाही, म्हणून नांदेडच्या दादांचे म्हणणे तंतोतंत खरे आहे.

आता आकडे पाहू. हातात धरून फोटो काढताना शटर स्पीड हा फोकल लेंथच्या व्यस्त अंकापेक्षा कमी नसावा, हा जुना नियम आहे. क्रॉप सेन्सर असेल तर त्यात पट धरावी लागते, म्हणजे तुमच्या २०० मिमीसाठी १/३२०. तुम्ही १/२५ ला काढता आहात. ३२० ला २५ ने भागले तर १२.८ येतात, म्हणजे तुम्हाला जवळजवळ तेरापट उजेड कमी पडतो आहे, स्टॉपच्या भाषेत साडेतीनपेक्षा थोडे जास्त. हाच फरक आयएसओने भरून काढायचा तर १६०० चे वीस हजारांच्या पुढे न्यावे लागतील, आणि त्यात दगडाचा पोत शिल्लक राहणार नाही. एफ/२.८ घेतली तर यातला एकच स्टॉप भरून निघतो. कॅननने २००६ च्या आवृत्तीसाठी चार आणि २०१८ च्या आवृत्तीसाठी पाच स्टॉपचा दावा केला आहे. दाव्यातला एक स्टॉप मी नेहमी बाजूला काढून ठेवतो, तरीही तुमची गरज पहिल्या आवृत्तीत बहुतांशी भागते.

तेव्हा शिल्प हलत नाही आणि कीर्तनकार हलतो, या एका वाक्यावर तुमची लेन्स ठरेल. एक विनंती करतो. गेल्या वर्षभरातले बिघडलेले फोटो पुसले नसतील तर ते १०० टक्के मोठे करून पाहा आणि प्रत्येक का बिघडला ते लिहून काढा. हात हलला असेल तर चौकटीतला प्रत्येक बिंदू, पुढचा आणि मागचाही, एकाच दिशेला एकाच लांबीने ओढला गेलेला दिसतो. वस्तू हलली असेल तर पार्श्वभूमी स्वच्छ असते. फोकस चुकला असेल तर कुठेतरी, वस्तूच्या पुढे किंवा मागे, एक पट्टा स्पष्ट सापडतो. चकाकणारा बिंदू शोधा, म्हणजे समईची ज्योत, तेलकट दगडावरची चमक, पाण्याचा थेंब. तो बिंदूच राहिला आहे की त्याची रेघ झाली आहे, आणि रेघ कोणत्या दिशेची आहे, यावरून सगळे कळते. रेघ नेहमी उभीच येत असेल तर दोष बटण दाबणाऱ्या बोटाचा आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत.

शिळालेख, जालना

भिंग यांचे मनापासून आभार. रविवारची सकाळ आणि सोमवारची रात्र याच कामात गेली.

वर्षभरात मी बाजूला टाकलेले, पण अजून न पुसलेले २१४ फोटो निघाले. प्रत्येक उघडून पाहिला. हाताने हललेले १३१, समोरची वस्तू हलल्यामुळे बिघडलेले ४६, फोकस चुकलेले ३७. हाताने हललेल्या १३१ पैकी ११८ शिल्पांचे आणि लेण्यांतले आहेत, उरलेले १३ पक्ष्यांचे. कीर्तनाचे जवळजवळ सगळे बिघडलेले फोटो दुसऱ्या गटात गेले, म्हणजे गोदाकाठ दादांनी सांगितले ते माझ्याच फोटोंनी सिद्ध केले.

एक फोटो मात्र मनाला फार लागला. अन्व्याच्या मंदिरातल्या एका मूर्तीच्या कानातले कुंडल आहे. मोठे करून पाहिले तर कुंडलावरचा प्रत्येक मणी दोनदा दिसतो, एक आणि त्याच्या किंचित खाली दुसरा, जणू कोणी तो दगड दोनदा कोरला आहे. नाकाची कड दुहेरी, ओठांची रेघ दुहेरी. गेले वर्षभर मी हा फोटो लेन्सचा फोकस चुकला असे समजून बाजूला ठेवला होता. तो उभा हललेला आहे, म्हणजे बोटाचा दोषही आहेच. ज्या कारागिराने एवढे बारीक मणी काळ्या दगडात कोरले, त्याचे काम माझ्या फोटोत पुसट व्हावे याचे फार वाईट वाटले. मी दस्तऐवज म्हणून हे फोटो काढतो. त्या मूर्तीवर पाणी ठिबकते आहे, पुढच्या दहा वर्षांत ते मणी राहतील की नाही कोण सांगणार?

गोदाकाठ, नांदेड

सर, तुमचा हिशेब वाचून मी माझा सल्ला मागे घेतो. तुमच्या कामात हलणारा माणूस फार थोडा आहे. शिवाय एफ/२.८ वर २०० मिमीला फोकसमध्ये येणारी खोली इतकी कमी मिळते की उठावाच्या शिल्पात नाक स्पष्ट आले तर कान मऊ होतो. शिल्पाला तुम्हाला एफ/४, कधी एफ/५.६ देखील हवे असेल, आणि तिथे आयएसच कामाला येते. सप्ताहाच्या फोटोंसाठी कुणाकडून तरी ८५ मिमी एफ/१.८ चार दिवसांसाठी मागून घ्या आणि पुढे बसा.

कातळ, धाराशिव

ही लेन्स नवी मिळणे आता अवघड झाले आहे, त्यामुळे सर बहुधा वापरलेलीच घेणार, असे गृहीत धरून माझा कटू अनुभव सांगतो. चार वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या दुकानातून मी वापरलेली आयएस लेन्स घेतली. काचा स्वच्छ होत्या, नळीवर ओरखडा नव्हता. घरी येऊन पाहिले तर बटण अर्धे दाबून धरल्यावर व्ह्यूफाइंडरमधले चित्र स्थिर होण्याऐवजी सावकाश एका कोपऱ्याकडे सरकत जायचे आणि मग झटक्याने परत यायचे. दुकानदाराने हे असेच असते म्हणून हात झटकले. दुरुस्तीचा खर्च ऐकून ती लेन्स मी आयएस बंद ठेवूनच वापरली, म्हणजे जास्तीचे पैसे देऊन साधीच लेन्स घेतली.

म्हणून पैसे देण्याआधी एवढे करावे. लेन्स स्वतःच्या कॅमेऱ्याला लावावी, २०० मिमीवर न्यावी, दूरच्या एखाद्या पाटीवरच्या अक्षरांवर रोखावी आणि बटण अर्धे दाबून दहा सेकंद धरून राहावे. सुरुवातीला चित्र किंचित उडते आणि आतून बारीक घरघर ऐकू येते, ते स्वाभाविक आहे. नंतर अक्षरे पाण्यावर तरंगल्यासारखी पण एकाच जागी राहिली पाहिजेत. मग १/३० ला आयएस चालू ठेवून दहा आणि बंद ठेवून दहा फोटो काढून तिथेच मोठे करून पाहावेत. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने आत टाकून बुरशीचे जाळे दिसते का ते पाहावे. आपल्याकडे हवा कोरडी असली तरी पावसाळ्यात बॅगेतच पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी लागते. बिल आणि सिरियल नंबर जुळवून घ्यावा.

पाणपक्षी, छत्रपती संभाजीनगर

सर, तुमच्या मूर्तीच्या कुंडलाबद्दल वाचून एक सुचवावेसे वाटते. माझ्या एका परिचितांकडे २००६ ची एफ/४ आयएस आहे. मी त्यांच्याशी बोलले आहे, ते एका शनिवार-रविवारसाठी ती तुम्हाला द्यायला तयार आहेत. विकत घेण्याआधी त्याच मंदिरात, त्याच मूर्तीसमोर उभे राहून पाहा. वेरूळला जायचे असेल तर मंगळवार सोडून जा, ती लेणी मंगळवारी बंद असतात.

भिंग, लातूर

जाणारच असाल तर चार गोष्टी लक्षात ठेवा. बटण अर्धे दाबल्यावर लगेच फोटो काढू नका, साधारण एक सेकंद थांबा, आयएसला स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. स्विच मोड १ वर ठेवा. मोड २ हा धावत्या वस्तूमागे कॅमेरा फिरवताना वापरायचा असतो. एकामागोमाग तीन-चार फोटो काढा, बोटाचा धक्का पहिल्यात जातो आणि मधले स्वच्छ येतात. दोन्ही लेन्सवर सारख्याच संख्येने फोटो काढा, नाहीतर तुलना खरी होणार नाही.

आणि जे आज लेन्स घेऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी दोरीचा उपाय सांगतो. ट्रायपॉडच्या छिद्रात बसणारा पाव इंची बोल्ट घ्यावा, त्याला उंचीएवढी मजबूत दोरी बांधावी, दोरीचे टोक पायाखाली दाबून कॅमेरा वर ओढून ताण द्यावा. उभी थरथर लक्षणीय कमी होते. दहा-वीस रुपयांत एक ते दीड स्टॉप मिळतो, असा माझा स्वतःचा अनुभव आहे.

शिळालेख, जालना

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

ताईंच्या परिचितांनी लेन्स दिली, त्यांचे ऋण मानतो. शनिवारी सकाळी अन्व्याला पोहोचलो. सभामंडपात आत शिरल्यावर डोळ्यांना सरावायला काही मिनिटे जातात, तेवढा अंधार. त्याच मूर्तीसमोर, त्याच अंतरावर उभा राहिलो. २०० मिमी, एफ/४, आयएसओ १६००, १/२५. आधी माझ्या जुन्या लेन्सवर वीस फोटो, मग आयएसवर वीस. अर्धे बटण दाबले तेव्हा व्ह्यूफाइंडरमध्ये जे दिसले ते सांगणे मला आवश्यक वाटते. नऊ वर्षे त्या चौकटीत दगड सतत डोलत असलेला पाहायची सवय झाली होती आणि ती सवय आहे हेही माझ्या लक्षात आले नव्हते. चित्र एकदम थांबले. मूर्तीच्या गळ्यातल्या हाराचे पदर मी व्ह्यूफाइंडरमधूनच मोजले. चौकट नीट लावता आली, फोकसचा बिंदू नेमका डोळ्यावर ठेवता आला. फोकस चुकलेल्या ३७ फोटोंपैकी काही या डोलण्यामुळेच चुकले असावेत असे आता वाटते.

घरी येऊन मोजले. जुन्या लेन्सचे वीसपैकी दोन स्पष्ट, तेही तीन-चार फोटोंच्या मालिकेतले मधले. आयएसचे वीसपैकी सोळा. हाव धरून १/१३ लाही वीस काढले होते, त्यातले नऊ चांगले आले. दोरीचा उपाय जुन्या लेन्सवर करून पाहिला, वीसपैकी सात मिळाले. एवढ्या कमी खर्चात हे फार मोठे आहे. मंदिरात कुणी त्याला हरकत घेतली नाही, तरी गर्दीत ती दोरी पायात येते आणि खांबाच्या आडून वाकून फोटो काढायचा असेल तर तिचा उपयोग होत नाही.

रविवारी नाथसागरावर गेलो. तिथे ताईंचे म्हणणे पटले. उडत्या सुरयांच्या फोटोंत दोन्ही लेन्समध्ये काहीही फरक पडला नाही, आणि थवा तेवढाच दूर होता. त्यामुळे पक्ष्यांचा विचार या खरेदीतून मी पूर्णपणे बाजूला काढला आहे.

निर्णय असा झाला आहे की २००६ ची पहिली आयएस आवृत्ती वापरलेली घ्यायची. दुसऱ्या आवृत्तीचा एक स्टॉप जास्त आहे, ती १ मीटरपर्यंत जवळ जाते तर पहिली १.२ मीटरपर्यंत, पण किमतीतला फरक मला झेपणारा नाही. शिवाय पहिलीला माझेच ६७ मिमीचे फिल्टर बसतात, दुसरीला ७२ चे नवे घ्यावे लागतील. वजन ७६० ग्रॅम आहे, म्हणजे जुनीपेक्षा अवघे ५५ ग्रॅम जास्त. आणखी एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही. माझ्या जुन्या लेन्सला धुळीपासून संरक्षण देणारे रबरी सील नाहीत, आयएस आवृत्तीला ते आहेत. मार्च-एप्रिलमध्ये भोकरदनच्या रस्त्याने मोटारसायकलवर जाणाऱ्याला त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

जुनी लेन्स मी विकणार नाही. नववीतली एक मुलगी शाळेच्या कॅमेऱ्यावर फार मन लावून फोटो काढते, उजेडातल्या कामासाठी ती लेन्स तिच्या हाती देणार आहे. कातळ यांनी सांगितल्याप्रमाणे पुढच्या रविवारी संभाजीनगरला एक लेन्स पाहायला जातो आहे, टॉर्च आणि स्वतःचा कॅमेरा घेऊन.

कातळ, धाराशिव

सर, जाताना कॅमेऱ्याची बॅटरी पूर्ण भरून न्या. बॅटरी उतरलेली असेल तर परीक्षा नीट होत नाही आणि दोष लेन्सचा की बॅटरीचा हे तिथे ठरवता येत नाही. मलाही तेव्हा हेच कुणी सांगायला हवे होते.